तसेच दुसरे खेळणे

‘क्लॅनाड’ या जपानी कथेविरुद्ध लेखणी उचलण्याचा अधिकार आम्हांस आहे, कारण आम्ही तिचे भक्त आहोत. ‘ही तर पोरासोरांची हलती चित्रे’ असे म्हणणाऱ्या विद्वान स्नेह्यांशी आम्ही आजवर हिरिरीने भांडलो आहोत व पुढेही भांडू. परंतु घरच्या माणसाचा दोष घरच्यांनी नाही सांगावयाचा तर कोणी?

ज्यांस हा प्रकार अपरिचित आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. ‘की’ नावाच्या जपानी निर्मितीसंस्थेने २००४ साली ‘क्लॅनाड’ ही व्हिज्युअल नॉव्हेल काढली. पडद्यावर चित्र, त्यावर मजकूर, सोबतीला संगीत, आणि मधूनमधून वाचकाने स्वतः निवडावयाच्या वाटा, असा हा कादंबरीचा संगणकावरील अवतार. तिचे प्रमुख लेखक जुन माएदा. पुढे क्योटो ॲनिमेशनने तिची ॲनिमे-मालिका केली. तिचे उत्तरपर्व २००८-०९ मधले, आणि आमचे भांडण आहे ते त्या पर्वाच्या अखेरीशी.

पूर्वार्धातील शाळकरी थट्टामस्करी आणि तळहाताएवढे डोळे असलेल्या मुली यांविषयी आम्ही मौन पाळतो. उत्तरपर्वात मात्र कथा एकाएकी प्रौढ होते. विजेची कामे करणारा तोमोया, त्याची नाजूक प्रकृतीची पत्नी नागिसा. बाळंतपणात ती जाते, आणि दुःखाने बधिर झालेला तोमोया मुलीकडे पाठ फिरवितो. पाच वर्षे उशियो आईच्या आईवडिलांकडे, त्यांच्या बेकरीच्या घरात वाढते. ज्यांनी बदलीच्या गावी एकट्याने बिऱ्हाड थाटले, आणि ज्यांची मुले शिक्षणासाठी आजोळी राहिली, त्या आमच्या वाचकांस या पाच वर्षांचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

मग बापलेकींचा तो प्रवास येतो. वाटेत बापाने घेऊन दिलेला खेळण्यातला यंत्रमानव फुलांच्या माळावर हरवतो. दुसरा घेऊ, असे तोमोया म्हणतो. उशियोला दुसरा नको आहे. बापाने तिला आपण होऊन घेऊन दिलेली ती पहिलीच वस्तू होती. रडू आले तर शौचालयात रडावे किंवा बाबांच्या कुशीत, असे आजीने तिला शिकविलेले. त्या माळावरच ती त्या कुशीत रडते. त्याच प्रवासात तोमोयाला त्याची आजी भेटते, आणि ज्या व्यसनी बापाचा त्याने जन्मभर तिरस्कार केला त्यानेही पत्नी गमावून एकट्याने आपल्याला वाढविले होते, हे त्यास उमगते. बापाला क्षमा करावयाची ती स्वतः तसाच बाप होऊन गेल्यानंतर! एवढे सत्य ज्या कथेत आहे तिला आम्ही अश्रूंचा बाजार म्हणू देणार नाही. ‘श्यामची आई’ वाचून वाढलेल्या माणसाला डोळे पुसण्याची लाज ती कसली?

आणि नंतर लेखकाचा धीर सुटतो. उशियोही आईच्याच आजाराने बर्फात प्राण सोडते. पुढे चमत्कार होतो, काळ मागे फिरतो, नागिसा जगते, मुलगी जगते, सारे गोड.

चमत्काराचे आम्हांस वावडे नाही. सावित्रीने यमाची पाठ धरून, त्याला त्याच्याच शब्दांत अडकवून पती परत आणला. त्या चमत्काराची किंमत तिने वसूल करून दिली आहे. आमचे सहभक्त म्हणतील की येथेही किंमत दिलेली आहे: गावातल्या एकेका माणसाच्या सुखातून निघणारे प्रकाशगोल जमविल्यावाचून कादंबरीचा तो शेवट उघडतच नाही. खरे आहे. वाचकाने रात्री जागून, अनेक वाटा चालून ते गोल जमविलेले असतात. मालिकेत तो खटाटोप उरत नाही. प्रेक्षक खुर्चीत बसून असतो आणि वरदान मांडीत येऊन पडते.

पण हा आक्षेप दुय्यम. मुख्य प्रश्न असा की, काळ मागे फिरला तर त्या पाच वर्षांचे काय? ज्या अपराधातून तोमोयाला बाप कळला, तो अपराधच आता घडलेला नाही. माळावर रडलेली ती मुलगी कोठे गेली? नव्या काळातली उशियो सुखी आहे, गोजिरवाणी आहे; परंतु ती तसेच दुसरे खेळणे आहे. पाच वर्षांच्या पोरीला जे कळले होते ते तिच्या जन्मदात्या लेखकाला कळू नये? आणि त्याला ते येत नव्हते असेही नाही. २००० सालच्या ‘एअर’मध्ये याच माएदांनी मिसुझूला हारुकोच्या मिठीत मरू दिले, तेथे घड्याळाचे काटे उलटे फिरवून कोणी तिला त्या मिठीत परत आणून दिले नाही.

गेल्या पावसाळ्यात आम्ही ती मालिका तिसऱ्यांदा लावली. एकोणिसाव्या भागात तोमोया आपल्या बापाला निरोप देतो, तेथेच थांबावयाचे असा निश्चय होता. पडदा बंद केला तेव्हा घरातून विचारणा झाली, ‘पुढचं का नाही लावत?’ आम्ही वरील सारी कारणे सविस्तर सांगितली. ती ऐकून घेऊन मंडळींनी पुढचा भाग लावला. बाविसाव्यात नागिसा जगली, तेव्हा रुमाल आम्हीच शोधीत होतो.