मखराआधी अर्थिंग

भाद्रपदाच्या ओल्या दिवसांत गणरायाचे आगमन होते. जुन्या घरांच्या भिंती तेव्हा दमट असतात आणि नेमक्या त्याच भिंतींवरून मखराच्या रोषणाईसाठी वीज ओढली जाते. मखरावर किती खर्च करावा, हा ज्याच्या त्याच्या हौसेचा प्रश्न आहे. परंतु देवघरावरील पितळी दिव्याला अर्थिंग आहे की नाही, हा प्रश्न त्याच्याही आधीचा होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पूजा करणाऱ्याची अवस्था पाहावी. नुकतेच स्नान झालेले, पाय अनवाणी, हात अभिषेकाच्या पाण्याने ओले. पाटावर बसेपर्यंत निदान लाकूड आड येते. आरतीस उभे राहिले की तेही नाही. शुचितेचे हे नियम पाळावेतच, पण ओल्या अंगाला विजेचा धोका किती वाढतो, याचे भानही असावे.

जुन्या वाड्यांत लाकडी पट्ट्यांवर ठोकलेल्या तारा आजही आढळतात. फेज आणि न्यूट्रल, अशा दोनच. जमिनीकडे नेणारी तिसरी तार दिव्यापर्यंत पोचलेलीच नसते. दिव्याच्या उष्णतेने होल्डरपाशी तारेचे रबर ठिसूळ होऊन झडते, आणि फेजची उघडी तार धातूला टेकली की सारा सांगाडा 230 व्होल्टचा होतो. दिवा मात्र नेहमीसारखा जळत राहतो. फ्यूजही जात नाही, कारण पाच अँपिअरचा फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. माणसाचा प्राण जाण्यास एका अँपिअरचा विसावा हिस्साही पुरे होतो.

यावर जे उपाय योजले जातात ते कधीकधी दुखण्याहून वाईट असतात. तीन छिद्रांचे सॉकेट बसवायचे आणि तिसऱ्या छिद्रामागे काहीच जोडायचे नाही, ही निव्वळ फसवणूक. कोणी ते छिद्र न्यूट्रललाच जोडून देतात. पुढे न्यूट्रल कोठे तुटली, तर चालू उपकरणातून येणारी वीज थेट त्याच्या धातूच्या अंगावर उतरते. नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेली तारही भरवशाची नाही. मधला तुकडा प्लास्टिकचा बसला की अर्थिंग संपले, आणि घरात कोणाला त्याचा पत्ताही नसतो.

योग्य मार्ग एकच. परवानाधारक तंत्रज्ञाकडून जमिनीत अर्थिंगचा खड्डा तपासून अथवा नवा करून घ्यावा, आणि तेथून हिरवी तार प्रत्येक धातूच्या दिव्यापर्यंत न्यावी. मेन स्विचपाशी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी. विजेची गळती होताच ती क्षणार्धात पुरवठा तोडते. अर्थिंगची तार नसतानाही तिचा उपयोग होतो, म्हणून जुन्या घरात पहिला खर्च तिच्यावर करावा. मात्र तेवढ्यावर अर्थिंग टाळू नये.

वाड्यांत खरी अडचण तंत्राची नसून पैशाची असते. मालक म्हणतो, वीज भाडेकरू वापरतो. भाडेकरू म्हणतो, भिंत मालकाची. आमच्या मते खड्डा व मुख्य तार मालकाने करावी, खोलीतील तारा भाडेकरूने. हा वाद यंदा चतुर्थीपूर्वी मिटण्यासारखा नसेल, तर देवघरातील धातूचा दिवा उतरवून ठेवावा आणि प्लास्टिकच्या होल्डरातील साधा दिवा लावावा.