शिस्त, सहिष्णुता आणि शून्य

अमेरिकेतील डेलावेअर राज्यात २००९ साली सहा वर्षांच्या एका मुलाला ४५ दिवसांसाठी सुधारशाळेत धाडण्याची शिक्षा फर्मावण्यात आली. बालवीर पथकात नुकताच दाखल झालेला हा मुलगा चमचा, काटा आणि सुरी एकत्र जोडलेले घडीचे साधन डबा खाण्यासाठी वर्गात घेऊन आला, हा त्याचा अपराध. सुरी म्हणजे शस्त्र आणि शस्त्राला क्षमा नाही, असा नियम होता. मुलाचे वय काय आणि त्याचा हेतू कोणता, हे विचारण्याची त्या नियमात सोयच नव्हती. देशभर टीका झाल्यावर शाळामंडळाने अगदी लहान वर्गांपुरती शिक्षा सौम्य केली. पुढे २०१३ मध्ये मेरीलँड राज्यात सात वर्षांच्या एका मुलाने हातातली पेस्ट्री चावून तिला पिस्तुलासारखा आकार दिला, म्हणून त्याला दोन दिवस शाळेबाहेर ठेवण्यात आले. अशा वार्ता वाचून हसू येते. परंतु ज्या धोरणातून त्या निपजल्या, त्याने तीन दशके लक्षावधी मुलांचे शालेय आयुष्य घडविले आणि बिघडविले आहे.

‘झीरो टॉलरन्स’ हे या धोरणाचे नाव. आपल्याकडील शासकीय मराठीत ‘शून्य सहिष्णुता’ असा त्याचा अनुवाद रूढ होत आहे. त्याचा उगम शाळेत नाही. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने अमली पदार्थांविरुद्ध मोहीम उघडली तेव्हा किंचित गांजा सापडला तरी अख्खी बोट जप्त होई. तेथून हा शब्द शाळेत आला. १९९४ मध्ये संमत झालेल्या कायद्याने संघराज्याचे शैक्षणिक अनुदान घेणाऱ्या प्रत्येक राज्यावर असे बंधन घातले की, शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला किमान एक वर्ष काढून टाकलेच पाहिजे. यात गैर काही नव्हते. शिवाय प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे पाहून शिक्षेत बदल करण्याची मुभा शिक्षणाधिकाऱ्याला त्याच कायद्याने दिली होती. परंतु राज्ये आणि शाळामंडळे कायद्याच्या पुढे धावली. बंदुकीचा नियम सुरीला लागला, सुरीचा डोकेदुखीच्या गोळीला, आणि अखेरीस उलट उत्तराला व वर्गातील गलक्यालाही. १९९९ च्या एप्रिलमध्ये कोलंबाइन येथील शाळेत बारा विद्यार्थी आणि एक शिक्षक गोळीबारात ठार झाल्यावर तर या धोरणाविरुद्ध बोलणे कठीण झाले. हा कायदा तेव्हा पाच वर्षे अमलात होता, याची आठवण फार थोड्यांना राहिली.

या धोरणाचे समर्थक केवळ दंडुकेशाहीचे भक्त होते असे समजणे अन्यायाचे ठरेल. अमेरिकेतील शिक्षक-संघटनांनीही त्याला पाठिंबा दिला होता, आणि त्यामागे सद्‌हेतू होता. मुख्याध्यापकाला विवेक वापरण्याची मुभा दिली की तो ओळखीच्या, गोऱ्या आणि सुस्थितीतील मुलाला सोडतो व इतरांना पकडतो. नियम यंत्रासारखा चालला तर पक्षपाताला जागा उरणार नाही, असा हा युक्तिवाद होता. युक्तिवाद म्हणून तो वजनदार आहे. प्रत्यक्षात मात्र उलटे घडले. संघराज्याच्या शिक्षण खात्याने २०११-१२ या वर्षाची आकडेवारी प्रसिद्ध केली तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या निलंबनाचे प्रमाण गोऱ्यांच्या तिप्पट आढळले. बालवाडीत कृष्णवर्णीय मुले १८ टक्के होती. परंतु एकाहून अधिक वेळा निलंबित झालेल्या बालकांत त्यांचा वाटा ४८ टक्के होता. बालवाडीतील मुलाला दोनदा निलंबित करावे असा गुन्हा कोणता, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. रसेल स्किबा या संशोधकाने दाखविले की, गोरी मुले धूम्रपान, मोडतोड अशा डोळ्यांना दिसणाऱ्या अपराधांसाठी कार्यालयात पाठविली जात, तर कृष्णवर्णीय मुले ‘अनादर’ किंवा ‘गोंगाट’ यांसाठी. अनादर मोजण्याची फूटपट्टी अद्याप निघालेली नाही. नियमाने विवेक हद्दपार केला असे वाटले, तो फक्त अपराधाच्या व्याख्येत जाऊन बसला.

टेक्सास राज्यात सातवीतील सुमारे दहा लाख विद्यार्थ्यांचा सहा वर्षे मागोवा घेणारा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सातवी ते बारावी या काळात जवळजवळ ६० टक्के मुले केव्हा ना केव्हा निलंबित किंवा निष्कासित झाली होती. ज्यांसाठी राज्याच्या कायद्याने अशी शिक्षा सक्तीची केली होती अशी प्रकरणे त्यांत अवघी ३ टक्के. बाकी सर्व स्थानिक उत्साह! तत्पूर्वी, २००६ मध्ये, अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अभ्यासगटाने, या धोरणामुळे शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा मिळत नाही, असा निष्कर्ष काढला होता.

असे का व्हावे याचे उत्तर अर्थशास्त्राला अपरिचित नाही. इटलीतील बेकारिया याने १७६४ मध्येच बजावले होते की, लहानमोठ्या अपराधांना एकच शिक्षा ठेवली तर मोठ्या अपराधापासून परावृत्त होण्याचे कारणच उरत नाही. गोळी बाळगल्याबद्दल वर्ष जाणार असेल आणि मारामारीबद्दलही वर्षच, तर गोळीसह पकडला गेलेला मुलगा हात आवरता का घेईल? दुसरी गोष्ट खर्चाची. मुलाला काढून टाकणे शाळेला स्वस्त पडते. वर्ग शांत होतो, फाईल बंद होते. पण तो मुलगा नाहीसा होत नाही. तो रस्त्यावर, घरी एकट्या आईकडे, पुढे कदाचित बालन्यायालयात जातो, आणि त्याची किंमत दुसऱ्याच खात्यावर पडते. कारखान्याने आपला धूर गावावर सोडावा, तसलाच हा हिशेब.

मुळात ‘सहिष्णुता’ या शब्दात ‘सह्’ हा धातू आहे. लॅटिन मुळाचाही अर्थ सोसणे, पेलणे असाच. जे आवडते ते कोणी सोसत नाही. न पटणारे, खुपणारे असते तेथेच सहिष्णुतेचा प्रश्न उद्‌भवतो. १६८९ मध्ये प्रसिद्ध झालेले धार्मिक सहिष्णुतेवरील पत्र जॉन लॉकने लिहिले ते इतर पंथ त्याला पटले होते म्हणून नव्हे. यंत्रशाळेतील कामगारालाही हा शब्द ठाऊक आहे. भागाच्या मापात किती फरक चालेल, हे तो ‘टॉलरन्स’ म्हणून आराखड्यावर लिहिलेला पाहतो. तो फरक शून्य ठरविला तर एकही भाग पसंत होणार नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९५ हे सहिष्णुतेचे वर्ष म्हणून पाळले. अमेरिकन शाळांना असहिष्णुतेचा कायदा मिळून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते.

सोसणे म्हणजे शिक्षा न करणे नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये ओहायोतील एका खटल्यात सांगितले की, दहा दिवसांपर्यंतच्या निलंबनापूर्वीही विद्यार्थ्याला आरोप कळविला पाहिजे आणि त्याची बाजू ऐकली पाहिजे. परंतु ‘वस्तू दप्तरात होती की नव्हती’ एवढाच प्रश्न उरला, तर ऐकायचे काय?

लंबक आता हेलकावे खात आहे. २०१४ मध्ये ओबामा प्रशासनाने शाळांना निलंबन आवरण्याची सूचना केली. २०१८ मध्ये ती मागे घेण्यात आली. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांनी उलट दिशेचा आदेश काढला. पर्यायही निर्दोष नाहीत. पिट्सबर्गच्या शाळांत अपराधी व पीडित यांना समोरासमोर बसवून संवाद घडविण्याचा प्रयोग झाला. २०१८ च्या मूल्यमापनात निलंबने घटलेली दिसली, पण मधल्या इयत्तांतील मुलांचे गुण घसरलेलेही दिसले. संवादाला वेळ लागतो आणि तो शिकविण्याच्या तासांतूनच जातो. सुधारकांनी हे मान्य केले तर शिक्षक त्यांच्यावर अधिक विश्वास ठेवतील.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही शाळेतून काढण्यास बंदी केली आणि शारीरिक शिक्षा व मानसिक छळही निषिद्ध ठरविला. दंडुका गेला, हे चांगलेच झाले. मात्र त्याच्या जागी मुलाशी बोलायला जो वेळ आणि जी माणसे लागतात, त्यांची तरतूद कोणत्याही अंदाजपत्रकात ठळकपणे दिसत नाही. आणि नववीच्या उंबरठ्यावर हे संरक्षण संपते. तेथे आजही शाळा सोडल्याचा दाखला मुलाच्या हातात ठेवता येतो.