खिडकीबाहेरचे शेत

प्रवासात खिडकीजवळ कोणी बसायचे यावरून मुलांची भांडणे अजूनही होतात. मोठी माणसे ते भांडण मिटवतात आणि हळूच स्वतःच खिडकीशी सरकतात. शहरात समोरच्या इमारतीपलीकडे नजर जात नाही, इथे ती थेट क्षितिजापर्यंत पोहोचते. पाटाचे पाणी, बांधावरची बाभूळ, नांगरटीमागून चालणारे बगळे पाहताना डोळे निवतात.

पुणे-नाशिक रस्त्याने जाणाऱ्यांना हे सुख ठाऊक आहे. पण आता त्यासाठी बराच वेळ थांबावे लागते. भोसरी संपते न संपते तोच चाकण येते. एके काळी चाकण म्हटले की कांदा आठवायचा. कांद्याचा बाजार आजही आहे, परंतु गावाची ओळख आता मोटारींच्या कारखान्यांमुळे आहे. पुढे मंचर, नारायणगावकडे सरकावे, तेव्हा कुठे कांदा, ऊस, टोमॅटोचे मळे दिसू लागतात. आणि मळ्यांच्या कडेला फलकही दिसतात: ‘एन. ए. प्लॉट विकणे आहे. हायवे टच.’

म्हणजे ज्या रस्त्यामुळे आपल्याला शेत दिसते, तोच रस्ता त्या शेताला गिऱ्हाईकही आणतो. रस्ता रुंद झाला की भाव चढतो आणि भाव चढला की शेताला कुंपण पडते.

कायदा काय म्हणतो? २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील दहावे कलम सांगते, की वर्षातून एकाहून अधिक पिके देणारी ओलिताची जमीन अगदी शेवटचा उपाय म्हणूनच संपादित करावी. मात्र महामार्ग, लोहमार्ग, कालवे यांना त्यातून सूट आहे. आणि राजीखुशीने विकलेल्या जमिनीवर पडणारे प्लॉट तर या कलमाच्या कक्षेतच येत नाहीत.

केरळने २००८ साली भातजमिनी वाचवण्यासाठी वेगळा कायदा केला. पण तोवर फार उशीर झाला होता. १९७० च्या दशकाच्या मध्यास तेथे सुमारे ८.८ लाख हेक्टरवर भात होता. आता तो दोन लाख हेक्टरच्या आसपास उरला आहे. काही खाचरांत नारळ-रबर आले, काहींत घरे. नारळ तोडून पुन्हा भात लावता येईल. घराखालच्या जमिनीचे काय? इंचभर सुपीक माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात.

दोष शेतकऱ्याला देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण देशातील सरासरी शेतजमीन १९७०-७१ मध्ये २.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ मध्ये १.०८ हेक्टरवर आली. एवढ्याशा तुकड्यावर घर चालवायचे, मुलांचे शिक्षण करायचे आणि कांद्याचा भाव कोसळला की तोही सोसायचा! आपल्या डोळ्यांना हिरवे दिसावे म्हणून त्याने तोट्यात शेती करत राहावे, ही अपेक्षा न्यायाची नाही. कांदा दहा रुपयांनी महागला की आपणच सर्वांत आधी ओरडतो, हेही आठवावे.

मग आपल्या हाती काय आहे? थोडे आहे, पण आहे. पगारदार कुटुंबे आज ‘गुंतवणूक’ म्हणून प्लॉट घेतात आणि तो वर्षानुवर्षे पडीक ठेवतात. तेव्हा एजंट नकाशा घेऊन घरी आला, तर हप्त्याच्या आधी एक प्रश्न विचारावा: या जमिनीत आजवर काय पिकत होते? जुन्या सातबारा उताऱ्यावर पिकांची नोंद असते. ती पाहायला मागावी. जमीन बागायती निघाली, तर दुसरी जागा शोधावी. घर मुरमाड जमिनीवरही उभे राहते. उसाला आणि टोमॅटोला ती चालत नाही.