पडद्यावरची स्वरलिपी

ज्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद आपल्या बडोद्यात भरली, त्यांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’ आज विद्यार्थी मोबाइलवर वाचतात. यात वावगे काही नाही. घराण्यांच्या कुलुपातील चिजा त्यांनी छापून सर्वांच्या हाती दिल्या. त्या आता खिशात आल्या, इतकेच. माझा आक्षेप आहे तो पडदा जसा असेल तसा चालवून घेण्यास. (सतारियांनी क्षमा करावी, हा पडदा त्यांचा नव्हे. पण जागेवर नसला तर बेसूर हाही करतो.)

कादंबरीत एखादे अक्षर पुसट दिसले तरी मन ते भरून काढते. स्वरलिपीत ती सोय नाही. कोमल स्वराची खूण म्हणजे अक्षराखालची बारीक आडवी रेघ, तीव्र मध्यमाची डोक्यावरची उभी रेघ, आणि मंद्र-तार सप्तके तर केवळ टिंबांवर उभी. पान लहान करून पाहिले की प्रथम नाहीशी होतात ती हीच. भैरवातील रिषभ-धैवतांखालच्या रेघा गेल्या की उरतात ते बिलावलचे सूर. यमनातील मध्यमावरची रेघ गेली की तेथेही बिलावलच! विद्यार्थी तेच पेटीवर घोकतो, आणि गळ्यात बसलेला चुकीचा स्वर काढायला पुढे महिने जातात.

तेव्हा पान मोठे करावे, मोबाइल आडवा धरावा. मात्र ओळी आपोआप नव्याने मांडून देणारा ‘रीडिंग मोड’ येथे घात करतो. स्वराखालचा शब्द आणि सम-खालीची खूण जागेवरून सरकते, आणि ताल मोडतो.

उजेड हा तंबोऱ्यासारखा प्रत्येक बैठकीला नव्याने मिळवावा लागतो. पडदा शेजारच्या कागदाइतका उजळ दिसावा, दिव्यासारखा भासू नये. रात्री पडदा पिवळसर करण्याची सोय मवाळ वाटते खरी. पण जुन्या पुस्तकाचे पान मुळातच पिवळे, त्यात पुसट छपाई आणखी मंदावते. काळ्यावर पांढरी अक्षरे काहींना सुखाची वाटतात. दृष्टिवैषम्य असलेल्यांना मात्र टिंबे पसरलेली दिसतात. पडदा विझण्याची मुदतही वाढवावी. अर्ध्या मिनिटात अंधार झाला तर विलंबित ख्यालाचे एक आवर्तनही पुरे होत नाही. आणि मोबाइल मांडीवर नको, डोळ्यांसमोर घोडीवर हवा; मान वाकवून षड्ज मोकळा लागत नाही.

विद्यार्थ्याच्या हाती एवढेच. मूळ प्रतच तिरपी आणि सावलीत टिपलेली असेल तर तो काय करणार? भातखंडे १९३६ साली गेले. त्यांच्या ग्रंथांवरील स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपली आहे. संगीतशाळांनी पाने सपाट ठेवून, तीनशे डीपीआयवर स्वच्छ स्कॅन करावीत, आणि ती चित्र म्हणून न धाडता पीडीएफ म्हणून धाडावीत. चित्र वाटेत आक्रसते. सत्राच्या पहिल्या आठवड्यात तंबोरा मिळवायला शिकवतात, त्यातच अर्धा तास या पडद्यासाठी काढावा.