पाण्याची पारख

वेल्ह्याच्या मुलखांत पावसास तोटा नाहीं. तोरणा व राजगड यांच्या कुशींतून कानंदी व गुंजवणी वाहतात; त्यांचें पाणी पुढें नीरेस मिळतें. आंबी व मोसे या नद्यांचें पाणी पानशेत व वरसगांवच्या धरणांत सांठून खडकवासल्याच्या वाटेनें पुण्याच्या घरोघरीं पोहोंचतें. तेव्हां डोंगरांतील एखाद्या वाडीच्या झऱ्यावर काय घडतें, हा प्रश्न शहरवासी वाचकांसहि परका नव्हे.

पाणी गाळून घेण्याची व भांडें लखलखीत घांसण्याची शिस्त आमच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती स्तुत्यच होय. परंतु वस्त्रानें कचरा अडतो, रोगजंतु अडत नाहींत. आणि सोंवळ्यानें आणलेलें पाणी निर्जंतुक असतेंच असें नाहीं. पहिल्या पावसांत उतारावरील शेण, माती व मैला झऱ्यांत आणि विहिरींत उतरतो. चार दिवसांनीं पाणी निवळतें, आणि डोळा फसतो.

ह्यावर उपाय आतां गांवांतच आहे. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्यें प्रत्येक गांवांतील पांच स्त्रियांना पाणी तपासण्यास शिकवावें अशी योजना आहे. पाण्याचा कठीणपणा, नायट्रेट, क्लोरीन वगैरे त्या रंगावरून ताडतात. जंतूंची परीक्षा तर फारच सोपी. औषध घातलेल्या लहानशा बाटलींत पाणी भरून ती एक-दोन दिवस उबेंत ठेवावयाची. पाणी काळें पडलें तर त्यांत मैल्याचा अंश असावा असें समजावयाचें. शिवाय आपल्या राज्यांत पावसाळ्यापूर्वीं व नंतर पाण्याच्या ठिकाणांची पाहणी होऊन ग्रामपंचायतींस जोखमीप्रमाणें लाल, पिवळें किंवा हिरवें कार्ड मिळतें.

खरी कसोटी पुढेंच आहे. बाटली काळी पडली, हें सांगावयाचें कोणीं व कोणास? विहीर भाऊबंदांची, वरच्या अंगाचा शोषखड्डा शेजाऱ्यांचा, आणि बाटली हातांत घेतलेली घरची सून! "चार पिढ्या हेंच पाणी पीत आलों, कोणाचें काय बिघडलें?" असें वडीलधाऱ्यांनीं विचारलें कीं परीक्षा तेथेंच संपली. चार पिढ्यांत पोरें किती दगावलीं, हें मात्र त्यांच्या आयांनाच विचारावें.

जानेवारी २०२५ मध्यें खडकवासल्याच्या खालच्या अंगास, नांदेड व किरकटवाडी भागांत, गीयां-बारे हा मज्जातंतूंचा विकार अनेकांस जडला व संशय दूषित पाण्यावर गेला. धरण उशाशीं आहे म्हणून पाणी शुद्ध असतें असें नाहीं.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच : ज्यांचीं घरें गांवीं आहेत त्यांनीं तपासणीची वही पाहावयास मागावी, तारीख, ठिकाण व निकाल चावडीच्या फळ्यावर लिहिला जावा असा आग्रह धरावा. निकाल वाईट आला तर पाणी खळखळून उकळावें, विहिरींत ब्लीचिंग पावडर पडते कीं नाहीं तें पाहावें, आणि घाणीचें मूळ शोधून काढावें. बाटली काळी निघाली म्हणून सांगणारीचें तोंड काळें होत नाहीं. तिला घरांतील वडिलांनीं सर्वांदेखत शाबासकी द्यावी.