दारचा घोडा

आषाढी वारीत वाखरीच्या रिंगणात अश्व धावला, की वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतात. आपल्याही दारी घोडा असावा, असे त्या क्षणी कुणाला वाटत नाही? परवा एक स्नेही अकलूजच्या बाजारातून घोडी आणायच्या गोष्टी करू लागले आणि मला आमचा राजा आठवला.

सोलापुरात वडिलांचा टांगा होता. पहाटे खरारा करताना राजा माझ्या खांद्यावर मान टाकायचा. त्याचा तोबरा, त्याचे पाणी, त्याचे नाल आधी. आमचे जेवण नंतर. पुढे रिक्षा आल्या, टांगा थांबला. वडिलांनी राजाला मात्र विकले नाही.

एका संध्याकाळी लाडाने मी त्याच्यापुढे पाटीभर हरभऱ्याचा भरडा ठेवला. घोड्याचे पोट लहान. थोडे थोडे, पण सतत खाणारा हा जीव. त्याला ओकताही येत नाही. रात्री पोटशूळ उठला. डॉक्टर येईतो वडील त्याला अंगणात फिरवत राहिले. उजाडता उजाडता राजा गेला. वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत; तेच अजून सलते.

स्नेह्यांना मी ‘नको’ म्हटले नाही. एवढेच सांगितले, की बाजारातली किंमत हा सर्वांत लहान खर्च. घोडा 25-30 वर्षे जगतो. तो थकेल तेव्हाचा कडबा आजच मोजा, आणि कुणाच्याही लाडाला मोजमाप ठेवा. जमणार नसेल, तर रिंगणातली माती कपाळी लावून घरी या. त्यातही आनंद कमी नाही.