आईची झडती थांबवा!

हिमायतनगरच्या वाड्या-तांड्यांवर काम करताना एक वाक्य सतत कानी पडतं : "आई नीट भरवत नाही, म्हणून पोर वाढत नाही." वयाच्या मानानं पोराची उंची कमी भरली, की झडती सुरू होते ती आईची. पोर पोटात असताना तिच्या ताटात काय होतं, कापूस वेचायला ती कितव्या महिन्यापर्यंत गेली, हे कुणी विचारत नाही.

मैत्रिणींनो, भरवणं महत्त्वाचं आहेच. घाण पाणी, जुलाब, अपुरं अन्न यांनीही वाढ खुंटते. पण मुळात मूल जन्मतंच लहान, त्याचं काय? गरीब देशांतल्या अभ्यासांवरून २०१३ साली अंदाज मांडला गेला, की बालकांच्या खुंटलेल्या वाढीचा सुमारे पाचवा हिस्सा गर्भातल्या कुपोषणाशी जोडलेला आहे.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. ज्या आयांना पालेभाज्या आणि फळं वरचेवर मिळाली, त्यांची बाळं मोठी भरली. ज्यांना अंगमेहनत जास्त, त्यांची लहान.

म्हणजे बाळाचं वजन हा घराचा आणि गावाचा हिशेब आहे. सर्वांत शेवटी कोण जेवतं? पाणी कोण वाहतं? "जास्त खाल्लंस तर बाळ मोठं होईल, सुटका अवघड जाईल," असं कोण सांगतं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलांची वाढ खुंटलेली, ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी, आणि विशीतल्या शंभरातल्या जवळजवळ २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं. हे तीन आकडे वेगवेगळे नाहीत.

आणि सरकार? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्रत्येक गरोदर बाईला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ च्या मातृवंदना योजनेनं ५,००० केले, तेही पहिल्याच मुलासाठी. २०२२ पासून दुसऱ्या वेळी मिळतात, पण मुलगी झाली तरच! ५,००० नऊ महिन्यांवर वाटले, तर दिवसाला एकोणीस रुपयेही पडत नाहीत. एवढ्यात मजुरी बुडवून विश्रांती कोण घेईल? त्याच २०१७ साली नोकरदार बाईची पगारी रजा २६ आठवडे झाली. शेतमजूर बाईचं पोट वेगळं असतं का?

शेवटी एक गोष्ट आपल्यालाही बजावायची आहे. 'बाळासाठी खा' ही घोषणा अपुरी आहे. पोटात मूल नसलं तरी बाईला भूक लागते. पोरीचं ताट लहानपणापासून भरलेलं असेल, तर उद्याचं बाळ लहान जन्मण्याची भीती कमी.

म्हणून येत्या ग्रामसभेत प्रत्येक गटानं विचारावं : गावात अडीच किलोच्या आतली बाळं किती जन्मली? त्यांच्या आयांना पैसे, आहार, विश्रांती किती मिळाली? झडती घ्यायचीच, तर ती इथून सुरू होऊ द्या.